गद्दी

घोड्याच्या पाठीवरील आसनासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. खोगीर आहे, जीन आहे, पलाण आहे. पलाण हा संस्कृत ‘पर्याणा’तून प्राकृताच्या वाटेने आला, जीन आणि खोगीर फारसीतून आले, आणि खोगिराचा मूळ अर्थ ‘घाम शोषून घेणारे’ असा अगदी रोखठोक आहे. सायकल आली तेव्हा मात्र यांपैकी एकही शब्द तिच्या वाट्याला गेला नाही. मराठी माणूस मुकाट्याने ‘सीट’ म्हणू लागला. हिंदी त्या मानाने उदार निघाली. राजाची ती गद्दी, महंताची ती गद्दी, सराफाची ती गद्दी, आणि दूधवाल्याच्या सायकलवर असते तीही गद्दीच. मराठीतील ‘गादी’ राजाची झाली, मठाची झाली, पुढे निजावयाचीही झाली. सायकलपर्यंत काही ती पोहोचली नाही.

रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजारात हिशेब लिहिणाऱ्या एका मराठी गृहस्थांच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द नांदतात. घरी ते ‘सीट’ म्हणतात, बाजारात ‘गद्दी’. घर तात्यापाऱ्यात, ज्या वस्तीच्या नावातच मराठी वळण टिकून आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर होता, 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते, आणि 1854 मध्ये डलहौसीने नागपूरची गादी खालसा केली तेव्हा या मुलुखातील मराठी घरे काही परत गेली नाहीत. त्यांच्यापैकीच हे एक. वय चौसष्ट. शारदा चौक, जयस्तंभ, देवेंद्रनगर असे करीत पंडरी; जाऊन-येऊन साधारण सात किलोमीटर. सायकल अ‍ॅटलस कंपनीची, वडिलांनी घेतलेली. सोनिपतला 1951 साली सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना 3 जून 2020 रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. ही बातमी त्यांनी दुकानातल्या सर्वांना वाचून दाखविली होती.

तीन वर्षांपूर्वी त्यांना बसल्या जागी मुंग्या येऊ लागल्या. प्रथम जयस्तंभाशी, मग शारदा चौकातच. पुढे रात्रीही तो बधिरपणा उतरेना. डॉक्टरांनी तपासून निर्वाणीचे सांगितले: सायकल सोडा. पुण्यातील मुलाने तर रिक्षाचे महिन्याचे पैसे पाठविण्याची तयारी दाखविली. मुलाचा हेतू चांगला होता, त्यात संशय नाही. परंतु ज्या माणसाने चाळीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजले, त्याला दुसऱ्याच्या पैशाने दुकानात येणे कसे वाटेल, हे मुलांना उमगत नाही. सायकल सुटली असती तर दोनेक महिन्यांत नोकरीही सुटली असती. ते स्वतः हे कोणाजवळ बोलले नाहीत.

दोष सायकलचा नव्हता, आसनाचा होता. मूळचे कातडी आसन केव्हाच फाटले होते. त्यावर आधी रेक्झिनची गादी आली, आणि दुखू लागल्यावर त्याहून मऊ, फुगीर अशी फोमची. येथेच बहुतेकांची फसगत होते. ताठ बसून सायकल चालविणाऱ्याचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडावयास हवा. मऊ गादीत ती हाडे रुततात, मधला भाग वर येतो, आणि जेथून नाजूक शिरा व रक्तवाहिन्या जातात तेथेच दाब बसतो. मऊपणा जितका अधिक, तितका बधिरपणा लवकर. कातडी आसनाची रीत निराळी आहे. त्यात गादी नसतेच. लोखंडी चौकटीवर पुढून-मागून रिव्हेटांनी ताणलेले जाड कातडे असते, झोळीसारखे. आणि ते झिजण्याऐवजी बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे खोलगट होत जाते. इंग्लंडात जॉन बुल्टबी ब्रुक्स याने 1866 मध्ये बर्मिंगहॅमला कातड्याचा धंदा थाटला. त्याचा घोडा मेला, उसनी आणलेली सायकल टोचू लागली, म्हणून त्याने 1882 मध्ये आसनाचे पेटंट घेतले, असे सांगतात. पुढे आपल्याकडील काळ्या सायकलींवर जी स्प्रिंगांची कातडी आसने आली, ती याच घराण्यातली.

अशा आसनाचा शोध सुरू झाला. नव्या दुकानांत ते नव्हते. मागविता येईल, पण त्याची किंमत सायकलीच्या किमतीहून अधिक, असे उत्तर मिळाले. भंगारवाल्याकडे एक चौकट मिळाली. स्प्रिंगा शाबूत, नाकाशी ताण देण्याचा बोल्ट गंजलेला पण फिरणारा, कातडे मात्र वाळून तडकलेले. ती पिशवीत घालून ते पंडरीच्या जुन्या बसस्थानकाजवळ बसणाऱ्या मोच्याकडे गेले. 2021 मध्ये बसगाड्या भाटागावच्या नव्या स्थानकावर गेल्या आणि त्यांच्याबरोबर या मोच्याचे निम्मे गिऱ्हाईकही गेले. त्यामुळे त्याच्याजवळ वेळ होता.

छत्तीसगढात कातड्याचा विषय निघाला की बाहेरच्या अभ्यासकाला सतनामी आठवतात. ते बरोबर नव्हे. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांचा (1756–1850) हा अनुयायीवर्ग फार पूर्वीपासून मुख्यतः शेतकरी आहे, आणि कातड्याशी जोडले जाणे त्यांनी जाणूनबुजून नाकारले. या मोच्याच्या पेटीवर चित्र होते ते संत रविदासांचे, म्हणजे आपल्या रोहिदासांचे. शेजारी कातडे भिजविण्याची जर्मनची परात.

मोच्याने चौकट उलटसुलट पाहिली आणि विचारले, बसणार कोण? मग शेजारच्या कापडदुकानातून आलेल्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा त्याने आपल्या लाकडी पाटावर ठेवला आणि म्हणाला, बसा. मुनीमजी क्षणभर उभेच राहिले. त्यांच्या आजीच्या काळी कातड्याला हात लागला तर पाय धुऊन घरात यावे लागे. वडील चप्पल शिवून घेताना एक पाय पुढे करून उभे राहत, दुसरा पाय वहाणेत. मोच्याच्या पाटावर बसण्याचा प्रसंग त्या घराण्यात कोणावर आला नव्हता. आणि येथे तर बसल्याखेरीज काम होणार नव्हते, कारण मापच बसण्याचे होते. ते बसले. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. मोच्याने सुतळीने अंतर घेतले: साडेबारा सेंटीमीटर. चौकट पुरेशी रुंद होती.

कातड्याच्या निवडीत त्याने घाई केली नाही. हल्लीचे बहुतेक कातडे क्रोमने कमावलेले असते. ते मऊ असते, परंतु ओले करून साच्यावर ओढले तरी वाळताच आपल्या मूळ रूपावर जाते. आकार धरते ते सालीने कमावलेले. बाभळीची साल आणि हिरडा, ज्यांवर कोल्हापुरी चपलेचे कातडे तयार होते, तीच जात. हिरडा तर छत्तीसगढच्या रानांतलाच. तळव्यासाठी ठेवलेला, पाच मिलिमीटर जाडीचा एक तुकडा त्याच्यापाशी होता. तो त्याने रात्रभर परातीत भिजविला, सकाळी चौकटीवर चढवून दोरीने आवळला, आणि सावलीत वाळू दिला. उन्हात ठेवले तर तडा जातो. तिसऱ्या दिवशी रापीने कडा तासल्या, आरीने भोके पाडली, तांब्याचे रिव्हेट ठोकले. वरून मेण आणि थोडे तेल गरम करून चोळले. खालून फार तेल देऊ नका, झोळी पडेल, असे बजावले. घरी आल्यावर सून म्हणाली, ही वस्तू देवघराच्या बाजूच्या खोलीत नको. ती दोन दिवस गच्चीवर राहिली. मग पावसाची लक्षणे दिसली आणि मुनीमजींनी ती उचलून आत आणली. त्यावर घरात वाद झाला नाही.

पहिले दिवस वाईट गेले. आसन पाटासारखे कठीण. चौथ्या दिवशी ते मोच्याकडे गेले. त्याने पान्याने नाक किंचित वर उचलले, कारण झोळीवरून माणूस पुढे घसरतो आणि भार हातांवर येतो. बोल्टला मात्र हात लावू दिला नाही. “दू महीना लागही,” एवढेच तो म्हणाला. नवी कोल्हापुरी चावते म्हणून कोणी ती फेकून देत नाही, हे मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. मुनीमजींनी हिशेब मांडला: महिन्यास पंचवीस दिवस, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. मुंग्या दुसऱ्याच आठवड्यात थांबल्या होत्या. उरले होते ते हाडांचे दुखणे, आणि ते दररोज थोडे कमी होत असल्याचे त्यांनी वहीत टिपून ठेवले आहे. पाऊस लागला तेव्हा कापडाच्या गाठीवरील प्लास्टिकची टोपी त्यांनी आसनावर चढविली.

मोच्याचा अंदाज चुकला. तीन महिने लागले. दसऱ्याच्या सुमारास कातड्यावर दोन खळगे स्पष्ट दिसू लागले, गडद तपकिरी, गुळगुळीत. डावा उजव्याहून खोल होता. मोच्याने त्यावर अंगठा फिरवून विचारले, डावा पाय कधी मोडला होता का? मोडला होता, 1979 साली, झाडावरून पडून. पाय अंमळ आखूड राहिला, हे घरातही फारसे कोणास ठाऊक नव्हते. मोच्याने डाव्या पायडलच्या रबरावर तळव्याचा एक पातळ तुकडा स्क्रूने बसवून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. मुनीमजी पुठ्ठ्याशिवायच पाटावर बसून ते काम पाहत होते.

दुकानातील शेठचा भाचा मध्यंतरी ती सायकल घेऊन देवेंद्रनगरपर्यंत जाऊन आला. परत आल्यावर म्हणाला, मुनीमजी, ही गद्दी बदला, फार टोचते. त्यांनी मान हलविली, सायकल भिंतीला लावली आणि इचलकरंजीहून आलेल्या मालाची पट्टी लिहावयास घेतली.