कुंभार्ली घाट आणि 'एस'चं बटण

मैत्रिणींनो, कऱ्हाडाहून चिपळूणला जायचं म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. पण मध्ये कुंभार्ली घाट आहे आणि गाडी बाई चालवणार आहे म्हटलं, की घरातली सगळी माणसं एकदम गंभीर होतात. मुलांना शाळेत सोडा, मंडईत जा, फार तर साताऱ्यापर्यंत जाऊन या, तिथवर कुणाची हरकत नसते. घाटाचं नाव निघालं की मात्र, "रविवारी बघू, ह्यांना सुट्टी असेल," असं म्हणून विषय मिटतो.

गेल्या जानेवारीत रविवारची वाट बघण्यासारखं नव्हतं. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कऱ्हाडात शुक्रवारी ठरलेलं. हे दौऱ्यावर. आईला वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी लागते. आणि माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर! ह्याच घाटात त्यांची उमेदीची वर्षं गेली. घाटात लेकीच्या शेजारी बसायला ते आजवर कधी तयार झाले नव्हते. मी शाळेतून एक दिवसाची रजा घेतली आणि गुरुवारी पहाटे एकटीच निघाले.

कऱ्हाड सोडलं की रस्ता कोयनेच्या काठाकाठानं चढत जातो, पण इतका हळूहळू की चढ जाणवतही नाही. जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. पाटणपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे असतात. पुढे खोरं अरुंद होतं आणि कोयनानगर येतं. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी दक्षिणेला येते आणि हेळवाकपाशी पूर्वेकडे वळून कऱ्हाडात कृष्णेला मिळते. तिचं बरंचसं पाणी मात्र धरणात अडवून बोगद्यांतून पश्चिमेकडे, पोफळीच्या वीजघराकडे उतरवलंय आणि ते जातं वाशिष्ठीत. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून काल झाल्यासारखा आठवतो. इथून जाताना गाडी थोडी थांबवाच. शिवसागराचं पाणी सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतं.

घाटमाथ्यावर चहा आणि कांदाभजी! ती खाऊन झाली की खरा घाट सुरू होतो, आणि जाताना तो उताराचा असतो.

आता त्या बटणाविषयी. आमची एसयूव्ही पेट्रोलची, ऑटोमॅटिक गियरची. तिच्यात इको, नॉर्मल आणि स्पोर्ट अशा तीन चाली आहेत. स्पोर्ट लावलं की समोरचे दिवे लालबुंद होतात, त्यामुळे आमच्या चिरंजिवांना वाटतं की आई आता शर्यतीत उतरली. तसं काही नसतं, बरं का! बटण दाबून इंजिनची ताकद वाढत नाही. शेगडीचंच बघा ना. सिलिंडरमधला गॅस तोच, बर्नर तोच, पण चावी जरा फिरवली की ज्योत एकदम मोठी व्हावी, तसं हे. पाय तितकाच दाबला तरी गाडी लवकर उठते. दुसरं म्हणजे गियर. एरवी पेट्रोल वाचवायला गाडी घाईघाईनं वरचा गियर टाकते. स्पोर्टमध्ये ती खालचा गियर धरून ठेवते. इंजिनचा आवाज वाढतो, त्याला घाबरू नका. काही गाड्यांत स्टिअरिंगही जरा जड होतं.

उतरताना मला ह्याचा उपयोग झाला तो गियर धरून ठेवण्याचा. खालच्या गियरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढतं आणि ब्रेकवर सतत पाय ठेवावा लागत नाही. सतत दाबलेले ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग ऐन वेळी ते धड लागत नाहीत. सगळ्याच गाड्या उतारावर स्पोर्टमध्ये गियर धरतील असं नाही. काहींत गियरच्या दांड्यावर 'एम' किंवा 'एल' असतं, ते वापरायचं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक एकदा नीट वाचा. मिक्सरचं वाचतो ना आपण?

चिपळूणला जेवलो आणि दुपारी परत निघालो. आई मागे, लिंबू हुंगत. अण्णा माझ्या शेजारी, हाताची घडी घालून, गप्प. पोफळी मागे पडली आणि चढ लागला. नॉर्मलमध्ये गाडीचं काही ठरेना. वळण संपलं की वरचा गियर, पुढचा चढ आला की पुन्हा खालचा. प्रत्येक वेळी एक बारीक हिसका. मागून आई म्हणाली, "अगं, पोटात ढवळतंय." मी स्पोर्ट दाबलं. हिसके थांबले, पण आता पाय फार हलका ठेवावा लागतो. नाहीतर गाडी उसळते आणि गाडी लागणाऱ्या माणसाचे उलट जास्तच हाल होतात. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात एकसारखा ठेवायचा, वळण सुटल्यावर हलकेच वाढवायचा.

अण्णांनी आवाज ऐकला आणि विचारलं, "हे काय केलंस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गियर धरून ठेवलास. आम्ही हातानं करायचो तेच की! ज्या गियरवर चढतो, त्याच गियरवर उतरायचं." त्यानंतर ते बोलायला लागले ते घाटमाथ्यापर्यंत. इथं दरड कोसळायची, इथं धुक्यात क्लीनर उतरून पुढे चालायचा. मध्येच एक लाकडाचा ट्रक रांगत चालला होता. मला पुढे जायची घाई झालेली त्यांना कळली असावी. "समोरचा रस्ता दिसेपर्यंत नाही," एवढंच म्हणाले. चार वळणं आम्ही त्याच्या मागे काढली. मग सरळ, मोकळा रस्ता दिसला. ट्रकवाल्यानं हात केला, तरी मी स्वतः पाहिलं आणि पुढे काढली. तेव्हा मात्र स्पोर्टचं खरं काम कळलं. गाडी क्षणाचाही विचार न करता निघाली आणि ट्रकच्या शेजारी फार वेळ राहावं लागलं नाही.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा नियमच आहे. उतरणारे कित्येक जण तो पाळत नाहीत, म्हणून हक्क आपला असला तरी थांबायची तयारी ठेवा. आणि पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, हे बटण दाबू नका. जरा पाय पडला की चाकं घसरतात. तेव्हा आपली नॉर्मलच बरी.

घाटमाथ्यावर मी बटण बंद केलं. पुढे कऱ्हाडापर्यंत त्याची गरज नाही. पेट्रोल उगाच जळतं. आईला उलटी झाली नव्हती. तिनं लिंबू पिशवीत टाकलं आणि कांदाभजी मागितली. उद्या ऑपरेशन म्हणून मी दोनच दिली. अण्णांनी प्लेट संपवली, गाडीभोवती एक फेरी मारली, चारी टायरना हात लावून पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. पाटणला भर."