दुभाषी हवा आहे

खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९३६ साली आमच्या फैजपूरला झाले. त्या वेळी गावाने देशभरच्या भाषा ऐकल्या असतील. आमच्या आळीला जपानीची गरज मात्र परवा-परवा पडली. शेजारच्या नानांची केळीची बाग पाहायला एक जपानी शेतीतज्ज्ञ येणार होते. त्यांना इंग्रजी बेताचेच येई. नानांचे बोलणे मी इंग्रजीत सांगायचे आणि ते दुभाष्याने जपानीत न्यायचे, असे ठरले.

अशी काही माणसे कुणाच्या नोकरीत नसतात; दिवसाच्या बोलीवर येतात. शोध पुण्याला लागला. मी एकच प्रश्न विचारला, "जपानी येते ना?" परीक्षेची सर्वांत वरची पायरी, एन-वन, उत्तीर्ण! मास्तराला आणखी काय हवे?

बागेत जाण्यापूर्वी ओट्यावर चहा झाला. नानांनी विचारले, "करप्याला काय करू?" मी ऐटीत इंग्रजीत सांगितले, "पाने करपतात." दुभाष्याने ते इमानाने पोचवले. पाहुण्यांनी विचार करून सल्ला दिला, उन्हाचा त्रास असेल तर सावली करावी. मग भुसावळची गाडी गाठायची म्हणून बाग धावतीच पाहून मंडळी निघाली.

"मास्तर, केळीवर मांडव घालू का मी?" नाना म्हणाले. "अहो, करपा हा रोग!"

चूक दुभाष्याची नव्हती, माझी होती. पाहुणे मोटारीत बसेपर्यंत ती सांगायला वेळही होता. पण चारचौघांत माझे इंग्रजी उघडे पडेल म्हणून मी तोंड उघडले नाही. नानांना मात्र आपला प्रश्नच खुळा होता असे वाटत राहिले. ते मला फार लागले.

पुढच्या वर्षी पाहुणे पुन्हा यायचे ठरले. या खेपेस मी विचारले, "शेतीचे दुभाषीपण केले आहे का?" चार ठिकाणी नकार आला. पाचव्या बाई म्हणाल्या, "केले आहे, पण केळीचे नाही. सर, तुमचे शब्द मला आधी पाठवा."

दोन रात्री नाना आणि मी कंदिलाला बसावे तसे बसलो. मृगबाग, कांदेबाग, पिलबाग, निसवण, फणी, करपा. करप्यापाशी बाईंचा फोन आला, "उन्हाने की रोगाने?" मी सांगितले, "रोगाने. बुरशीचा आहे, सिगाटोका म्हणतात." बागेतही त्या दोनदा थांबून म्हणाल्या, "मला कळले नाही, पुन्हा सांगा." रोगट पाने कधी कापावीत, कुठे टाकावीत, यावर नाना आणि पाहुणे तासभर बोलले.

निघताना पाहुण्यांनी सांगितले, सतराव्या शतकातल्या त्यांच्या एका थोर कवीच्या झोपडीपाशी शिष्याने केळ लावली होती. तिच्यावरूनच त्याने 'बाशो' हे नाव घेतले. त्या जातीचे फळ खाण्याजोगे नसते.

"फळ नाही, तर लावली कशाला?" नाना म्हणाले. बाईंनी तेही जसेच्या तसे सांगितले, आणि पाहुणे पोट धरून हसले.

वर्गात एखादा पोरगा "कळले नाही" म्हणाला की पूर्वी माझा आवाज चढे. आता मी त्याला पहिल्या बाकावर बोलावतो आणि पुन्हा सांगतो.