अंगाजोगे काम

उद्योगाचे घरी रिद्धी-सिद्धी पाणी भरतात, असे आपल्याकडे मुलांस लहानपणापासून ऐकविले जाते. म्हण खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या घरापर्यंत मनुष्याने जावे कसे, आणि दार उघडण्यास आलेल्या गृहस्थाशी बोलावे काय, याविषयी ती काहीच सांगत नाही. बहुतेकांस हे सांगावे लागतही नाही. आम्हांस मात्र कोणी तरी सांगावयास हवे होते. ते कोणी सांगितले नाही, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आम्ही नागऱ्याचे राहणारे. गोंदिया शहराच्या निकट असलेले हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे दूरवर ठाऊक आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते, आणि त्या दिवशी आम्ही घराबाहेर पडत नाही. याचे कारण भक्तीचा अभाव हे नव्हे. इतरांच्या कानांस जवळचे शब्द जवळ आणि दूरचा गलबला दूर ऐकू येतो. आमच्या कानांत आकाशपाळणा, भोंगा, शेजाऱ्याचा प्रश्न आणि चपलांची सरपट ही सर्व एकाच पायरीवर येऊन बसतात. त्याचप्रमाणे समोरच्याच्या मुद्रेवरून त्याचे मनोगत ओळखणे आम्हांस साधत नाही. आणि प्रश्नाचा शब्दशः होणारा अर्थ एक व विचारणाऱ्याच्या मनातला दुसरा असू शकतो, हे फार उशिरा सुचते. गावात आम्हांस ‘घुम्या’ म्हणत. ‘स्वमग्नता’ हा शब्द आमच्या वाट्यास वयाच्या 29 व्या वर्षी, नागपूरच्या एका डॉक्टरांकडून आला. तोपर्यंत वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आठ वर्षे लोटली होती आणि चार नोकऱ्या सुटल्या होत्या.

त्या चारही नोकऱ्यांची हकिकत एकच आहे. कामाचा जो भाग नेमणुकीच्या वेळी सांगितला गेला होता तो आम्ही नीट करीत असू. न सांगितलेल्या भागापायी नोकरी जात असे. मोबाइलच्या एका दुकानात आमचा हिशेब पैशापर्यंत जुळे, पण गिऱ्हाइकास हसून ‘या, बसा’ म्हणणे राहून जाई. एका पतसंस्थेत व्यवस्थापकांनी सर्वांदेखत विचारले की, या यादीत कोणास काही चूक दिसते काय. आम्हांस सात दिसल्या व आम्ही त्या क्रमाने सांगितल्या. यादी त्यांनी स्वतः केलेली होती. पुढच्या महिन्यापासून संस्थेस आमची गरज उरली नाही.

आणि नोकरी मिळण्यापूर्वीच जिथे वाट संपते, ती जागा म्हणजे मुलाखत. ‘स्वतःविषयी काही सांगा,’ असे विचारताच ‘कोणत्या सालापासून सांगू?’ असे आम्ही विचारले होते. ‘पाच वर्षांनी आपण स्वतःस कोठे पाहता?’ यावर ‘नागऱ्यास’ असे उत्तर दिले होते. दोन्ही उत्तरांत लबाडी नव्हती. परंतु मुलाखतीत जे पाहिले जाते ते उत्तर नसून उत्तर देण्याची ढब असते. जे काम एकट्याने, खाली मान घालून, वहीत करावयाचे आहे, त्यासाठी मनुष्य निवडताना त्याचे संभाषणचातुर्य तपासावे, हे विहीर खणणाऱ्याची परीक्षा त्याच्या कीर्तनावरून करण्यासारखे आहे. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून खालच्या श्रेणीतील पदांसाठी मुलाखत बंद केली. वशिल्यास आळा घालणे हा त्यामागील उद्देश होता. स्वमग्न मनुष्याचा विचार त्यात कोणी केला असेल असे वाटत नाही. तरीही त्याचे हित त्या एका निर्णयाने पुष्कळ उपदेशांपेक्षा अधिक साधले आहे.

कायद्याने आमची दखल घेण्यास वेळ लागला. 1995 च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार मोजले होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव घेतले; परंतु त्याचा रोख पालकत्व व सांभाळ यांवर होता, चाकरीवर नव्हे. 2016 च्या कायद्याने प्रकार 21 केले आणि सरकारी नोकरीतील राखीव जागा शेकडा तीनवरून चार केल्या. या वाढलेल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता अशी सर्व मंडळी एकत्र बसविली आहेत. शंभरांतील एक जागा, आणि तिच्याकडे पाहणारी इतकी घरे! आम्ही कृतघ्न नाही; प्रमाणपत्र जपून ठेवले आहे व अर्जही करतो. परंतु मोठा भाग खासगी चाकरीचा, आणि तेथे ही टक्केवारी लागू नाही.

मग अशा मनुष्याने करावे काय? याचे उत्तर आम्हांस कायद्यात सापडले नाही, ते अमेरिकेतील एका शेतात सापडले. लिओ कॅनर या वैद्याने 1943 मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध करून या अवस्थेस नाव दिले. त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी प्रांतातील फॉरेस्ट या गावचा. नऊ वर्षांचा असताना त्यास एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. त्यास मोजण्याचा अनिवार नाद होता. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजत बसे. त्या जोडप्याने नाद मोडून काढण्याचा खटाटोप केला नाही. हाती नांगर दिला व नांगरता नांगरता ओळी मोजावयास सांगितले. 1945 मध्ये कॅनर तेथे गेले तेव्हा त्यांच्यासमोर त्याने सहा लांब ओळी घोड्याच्या नांगराने उत्तम रीतीने नांगरल्या. पुढे तो पदवीधर झाला, अनेक वर्षे बँकेत कामास होता, आणि 2023 मध्ये वृद्धापकाळी वारला. बँक त्याच्या आजोळची होती, हे सांगणे अवश्य आहे. आजोळी बँक असण्याचे भाग्य नागऱ्यात कोणास नाही. कॅनर यांनी 1971 मध्ये त्या अकरा जणांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा सरकारी रुग्णालयांत ठेवलेली मुले पार खुंटलेली आढळली. तेव्हा आरंभी मुले पुष्कळशी सारखी असून पुढे एक बँकेत बसतो आणि दुसरा भिंतीआड राहतो, यात भोवतालच्या माणसांचा वाटा मोठा आहे. त्या शेतकऱ्याच्या अंगी विद्या नव्हती. समोरचा मुलगा आधीच काय करीत आहे, हे पाहण्याची नजर होती.

आमचा शेतकरी आम्हांस एका भातगिरणीत भेटला. दूरच्या नात्यातील एक काका तेथे मुनीम होते. त्यांनी शेठजींस इतकेच सांगितले, ‘मुलास काही विचारू नका, महिनाभर वही देऊन पाहा.’ सरकारी धानाच्या भरडाईत एका क्विंटल धानामागे 67 किलो साधा तांदूळ परत द्यावा लागतो. बाकी तूस, कोंडा आणि आमच्याकडे जिला कनकी म्हणतात ती कणी. आलेली पोती, गेलेली पोती, बारदानाचे वजन, ओलाव्याची घट, यांचा मेळ त्या गिरणीत कधी बसत नसे. तो बसेपर्यंत आम्हांस घरी जाववत नसे. महिन्याअखेर वही जुळली. यंत्राजवळ बसणे आम्हांस अशक्य होते, म्हणून शेठजींनी टेबल गोदामामागच्या खोलीत हलविले आणि तोंडी निरोपाऐवजी चिठ्ठी पाठविण्याची रीत घातली. दोहोंस मिळून खर्च काहीच आला नाही. आज या गोष्टीस पाच वर्षे झाली. स्वमग्न मनुष्य म्हणजे अलौकिक गणिती, असा जो समज चित्रपटांनी पसरविला आहे, त्यास आम्ही पात्र नाही. आम्ही बेरीज यंत्रावरच करतो. फक्त ती अर्धवट सोडीत नाही.

गेल्या दिवाळीत शेठजींनी आम्हांस धानखरेदीच्या गादीवर बसविण्याचे ठरविले. पगार दीडपट. काम म्हणजे दिवसभर दलाल व शेतकरी यांच्याशी भावाची घासाघीस. आम्ही दोन दिवस विचार करून नकार दिला. घरी यावरून बरेच बोलणे झाले. वहिनींनी आमच्या लग्नाचा विषय काढला. बाबा आता सत्तरीत आहेत. ते एवढेच म्हणाले, ‘आमच्या मागे तुझे कसे रे होईल?’ हा प्रश्न खरा आहे, आणि दीडपट पगार हे त्याचे उत्तर होण्यासारखे दिसते. परंतु ज्या कामात आमची उणीव रोज दहा वेळा उघडी पडावयाची ते काम वर्षभरही टिकले नसते, आणि मग गादीही नाही व वहीही नाही अशी पाचवी गत झाली असती. आम्ही शेठजींस चिठ्ठी लिहून, वहीमुळे वाचलेल्या पोत्यांचा वर्षवार हिशेब दिला आणि वहीवरच पगार वाढवावा अशी विनंती केली. त्यांनी थोडा वाढविला. दीडपट नव्हे.

बाबांच्या प्रश्नाचे पुरते उत्तर अद्याप आमच्याजवळ नाही. मुनीमकाका आता निवृत्त झाले आहेत. शेठजींचे चिरंजीव उद्या गिरणी पाहू लागतील, तेव्हा त्यांस चिठ्ठीची रीत कोणी समजावून सांगेल काय, ही चिंता आहेच. एका भल्या मनुष्याच्या मर्जीवर उभी असलेली सोय त्याच्या मागे टिकत नाही. म्हणून ती रीत म्हणून लिहून ठेवली पाहिजे. आम्ही आमच्या कामाची सर्व पद्धत, टेबलाची जागा आणि चिठ्ठीचा नमुना यांसह, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. एखाद्या वाचकाच्या दुकानात वा कचेरीत असा कोणी घुम्या आला, तर त्यास प्रश्न विचारण्यापूर्वी त्याने एक महिना वही देऊन पाहावी.