सतराशे एकावं विघ्न

त्या खेळाडूची सही अजून झालेली नाही. आकडा ठरला म्हणतात, मेडिकल झालं म्हणतात. एकानं तर मध्यरात्री कुठल्याशा खासगी विमानाचा नकाशावरचा ठिपका पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ह्यातच हाय बघ.’ आम्ही कोल्हापुरात बसून तो ठिपका फ्रान्सवरून सरकताना बघत राहिलो. इथला फुटबॉलचा हंगाम संपून पाऊस लागला, की पेठापेठांतली ईर्षा तात्पुरती थंडावते आणि कट्टा युरोपातल्या खेळाडूंच्या बाजाराकडे वळतो. कुणाची बिड फेटाळली, कुणाचा एजंट कुठल्या हॉटेलात दिसला, हे सगळं आमच्यातल्या प्रत्येकाला आतल्या गोटातून कळलेलं असतं.

‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं,’ असं कुणीतरी म्हणालं आणि विषय पुढे गेला. मी मात्र तिथंच राहिलो.

सतराशेच का? शंभरांतही भागलं असतं. कुणीतरी अंगणात बसून मोजली असावीत, आणि मोजणाऱ्याला त्यात मजा येत असावी. माझी आत्या ही म्हण कुठल्याही रखडलेल्या कामाला लावायची. गॅसचा सिलिंडर असो की सातबाऱ्यावरची नोंद. तिच्या तोंडी ती इतकी गुळगुळीत झाली होती, की तिच्यातला दुष्टपणा मला फार उशिरा दिसला. विघ्नं आणणारे दुसरेच, हुंड्यावर अडून बसणारे दुसरेच, आणि म्हणीत नाव नाकाचं. शिवाय लग्न शेवटी लागलं की नाही, हे म्हण सांगतच नाही. आणि त्या मुलीला हे लग्न हवं होतं का? सतराशेंपैकी एखादं विघ्न तिनंच आणलं नसेल कशावरून?

बार्सिलोनाच्या फ्रेंकी डी यॉंगचं नेमकं तेच झालं. 2022 चा अख्खा पावसाळा आम्ही, म्हणजे मँचेस्टर युनायटेडवाले, त्याच्यात घालवला. आयॅक्समध्ये त्याला घडवणारा टेन हाग तेव्हा युनायटेडचा मॅनेजर, बार्सिलोनाला पैशाची निकड, दोन्ही क्लबांची बोलणी बरीच पुढे गेलेली. मग अडलं कुठं? महामारीच्या काळात पुढे ढकललेला त्याचा पगार बार्सिलोनाकडे थकला होता, एवढं कळलं आणि आम्ही सगळा हिशेब त्या थकबाकीवर मांडला. ती मिटली की आलाच! त्याला बार्सिलोनातच राहायचंय, ही बातमी तेव्हाही छापून येत होती. तिला आम्ही एजंटची चाल म्हणायचो. ऑगस्टमध्ये रेआल माद्रिदहून कासेमिरो आला. डी यॉंग जिथं होता तिथंच राहिला.

याच्या अगदी उलट पीटर ओडेमविंगी. 31 जानेवारी 2013, खेळाडूंच्या खरेदीविक्रीची खिडकी बंद व्हायचा दिवस. वेस्ट ब्रॉमविचचा हा नायजेरियन स्ट्रायकर क्लबची परवानगी नसताना गाडी काढून थेट लंडनला, क्वीन्स पार्क रेंजर्सच्या दारात जाऊन थांबला. दोन्ही क्लबांचं जमलेलंच नव्हतं. गाडीत बसून तो पत्रकारांशी बोलला, ते सगळ्या इंग्लंडनं टीव्हीवर बघितलं, आणि त्याला तसंच परतावं लागलं. अजूनही त्याची टिंगल होते. मला ती टिंगल आता आवडत नाही. जो स्वतःहून येत नाही त्याला आम्ही मनधरणीनं आणायचं म्हणतो, आणि जो वऱ्हाडाच्या आधी मांडवात येऊन उभा राहतो तो विनोद. मग खेळाडूनं वागावं तरी कसं?

कट्ट्यावरचा एक मित्र म्हणतो, वाट बघण्यातच खरी मजा असते. मला नाही पटत. इंग्लंडात खिडकी रात्री अकराला बंद व्हायची, म्हणजे इथं पहाटे साडेतीनला; तेव्हा फोन डोळ्यांपुढे धरून बसलेल्या माणसाला मजा नसायची, चीड असायची. त्यातून तिथं दोन तासांची सवलतही असते. व्यवहार ठरल्याचा एक कागद वेळेत पोचला, की उरलेल्या कागदांना तेवढा वेळ मिळतो. म्हणजे तेव्हा साडेपाच. 2017 मध्ये लेस्टरनं एड्रियन सिल्वाचे कागद चौदा सेकंद उशिरा पाठवले आणि त्याला जानेवारीपर्यंत खेळता आलं नाही. चौदा सेकंदांत माणूस चहाचा घोटसुद्धा धड घेत नाही.

पण उशिरामुळे सगळ्यात मोठं लग्न मोडलं ते 31 ऑगस्ट 2015 ला. युनायटेडचा गोलकीपर दाविद दे हेआ माद्रिदला, माद्रिदचा केलॉर नवास मँचेस्टरला, असा साटंलोट्याचा बेत होता. स्पेनची खिडकी मध्यरात्री बंद झाली आणि कागद त्याच्या अल्याड पोचले की पल्याड, यावर दोन्ही क्लबांनी मिनिटामिनिटाचे खुलासे काढले. लोकांनी खापर फॅक्स मशीनवर फोडलं, खरं तर सगळा मामला फिफाच्या ऑनलाइन यंत्रणेचा होता. आम्ही ओरडलो, अर्थातच आनंदानं. डी यॉंगच्या वेळी जे विघ्न होतं, तेच इथं देवाची कृपा.

आणि नवास? ज्याला त्याच्या घरच्यांनी जवळजवळ उंबऱ्याबाहेर काढलं होतं, तो कोस्टारिकाचा माणूस राहिला आणि माद्रिदनं 2016, 2017, 2018 असे लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या, गोलात तोच. त्या रात्री हळहळलेले माद्रिदवाले आता त्या उशिराला काय म्हणतात? बहुतेक काहीच म्हणत नसतील. जिंकलेल्या माणसाला म्हणीची गरज पडत नाही.

दे हेआचं मात्र मला कळत नाही. दोन आठवड्यांच्या आत त्यानं युनायटेडशीच नवा करार केला, 2023 पर्यंत खेळला, अनेक हंगामांत एकट्यानं आमची अब्रू वाचवली. चॅम्पियन्स लीग काही त्याला मिळाली नाही. त्या सप्टेंबरची सही राजीखुशीची होती की दुसरं दार लागल्यामुळे केलेली, हे आमच्यातल्या कुणी विचारलं नाही. सही झाली होती ना! आणि विचारलं असतं तरी त्यानं काय सांगितलं असतं? छान आहे, समाधानी आहे, असंच काहीतरी. डी यॉंगही बार्सिलोनाबद्दल तेच म्हणत होता, आणि त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवला नव्हता.