हातासाठी पैसा, नजरेसाठी वेळ

नव्या घराच्या सजावटीची पाळी येते ती पैसे संपत आल्यावर. पाया, कॉलम, स्लॅब, वीट, वाळू, गवंड्याची मजुरी असं करत करत बँकेच्या कर्जातला शेवटचा पैसाही उचलून झालेला असतो, घरातलं सोनं एकदा गहाण पडून सुटलेलं असतं आणि वास्तुशांतीचा मुहूर्त महिन्यावर येऊन ठेपलेला असतो. अशा वेळी मला बोलावणं येतं. कराड-पाटण भागात मी घरांच्या आतल्या कामाची आखणी करते. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं शिक्षक, एसटीतले कर्मचारी, साखर कारखान्यात नोकरीला असलेली. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर आयुष्यात एकदाच घर बांधणारी. पहिल्या भेटीतला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, एवढ्यात बसेल का?"

बसतं. फक्त पैसा कुठे घालायचा आणि कुठे हात आखडायचा, हे आधी ठरवावं लागतं. या कामात मुरता मुरता मी त्याचा एक नियम करून टाकला आहे : हात पडतो तिथे पैसा घालावा, नजर जाते तिथे वेळ घालावा. ज्या वस्तूला रोज हातपाय लागतात ती चांगल्यातली चांगली घ्यावी, कारण ती पुढे बदलणं महाग पडतं आणि तिचा त्रास रोजचा असतो. जे नुसतं पाहायचं आहे, म्हणजे भिंतींचे रंग, पडदे, चित्रं, शोभेच्या वस्तू, ते राहायला गेल्यावर सवडीने, घराची ओळख होत जाईल तसं करावं.

घडतं बहुतेक वेळा याच्या उलट. वास्तुशांतीला पाहुणे येणार म्हणून हॉलच्या छताला पीओपी होतं, टीव्हीच्या मागे चकचकीत पॅनेल लागतं, आणि त्याच घरात दरवाजांना हलक्या बिजागऱ्या बसतात. दार वर्षभरात खाली बसून फरशीला घासायला लागतं, ड्रॉवर ओढताना अडतो, नळाची चावी फिरता फिरत नाही. छताकडे चार दिवसांनंतर कोणी मान वर करून पाहत नाही. कडी, नळ, स्विच, ड्रॉवर यांची गाठ मात्र दिवसातून पन्नास वेळा पडते.

हाताची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. त्याची उंची मिस्त्री सवयीने ठरवतो, 32 ते 34 इंच. मी आधी विचारते की या घरात पोळ्या कोण करतं, भाकरी कोण थापतं. ओगलेवाडीजवळ एका शिक्षक जोडप्याच्या घरात असंच विचारलं, तर पोळ्या सूनबाई करायच्या आणि भाकरी सासूबाई. सूनबाई चांगल्या उंच, सासूबाई जेमतेम पावणेपाच फूट. अजून खिडक्यांना काचाही लागल्या नव्हत्या. आम्ही कोपऱ्यात विटा रचल्या, त्यावर गवंड्याची फळी टाकली आणि फळीवर परात ठेवली.

"आजी, इथं उभ्या राहा आणि भाकरी थापल्यासारखं करा."

"माझं काय घेऊन बसलीस बाई? तिच्या मापानं करा, पुढं तिलाच करायचंय."

"आई, मला भाकरी येते का तुमच्यासारखी? उभ्या राहा बघू," सूनबाई म्हणाल्या.

आजी उभ्या राहिल्या. भाकरी थापताना जोर खांद्यातून उतरतो, तळहात सपाट पडावा लागतो. ओटा उंच असला की खांदा वर उचलला जातो आणि दुखणं तिथून सुरू होतं. कोपरापासून चार ते सहा इंच खाली कामाचा पृष्ठभाग असला की हात मोकळा चालतो. आम्ही एकेक वीट काढत गेलो. 29 इंचांवर आजींचा खांदा खाली आला आणि त्यांनी आपणहून, कोणी न सांगता, रिकाम्या परातीत दोन-चार थापा मारल्या. सूनबाईंचं माप भरलं 33 इंच. मग ओटा 33 इंचांचा धरला आणि खिडकीकडचा तीन फुटांचा भाग 29 इंचांवर घेतला. खर्च वाढला तो एका जादा उभ्या कडप्प्याचा. घर आपलं करणं म्हणतात ते माझ्या लेखी इथून सुरू होतं. त्या घरच्या माणसांची मापं घराच्या अंगात उतरली की ते घर दुसऱ्या कोणाचं राहत नाही.

ओट्याखाली मी सहसा प्लायवूडचं कपाट सांगत नाही. कडप्प्याच्या मांडण्या करायला लावते. कडप्प्याला पाण्याची भीती नाही, वाळवी लागत नाही, आणि जड कुकर, तेलाचा डबा, पिठाचा डबा वर्षानुवर्षं ठेवला तरी तो वाकत नाही. दारं पुढे कधीही बसवता येतात. त्यातून वाचलेला पैसा मी नळ, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल आणि दाराच्या कुलपाकडे वळवते. वायरिंगच्या वेळी प्लगचे पॉइंटही मोकळ्या हाताने काढून घेते. मिक्सर, फ्रिज, इस्त्री, मुलांचा अभ्यास, पलंगाजवळ मोबाइलचं चार्जिंग, सगळ्यांच्या जागा तेव्हाच ठरवलेल्या बऱ्या. झालेली भिंत पुन्हा फोडणं पैशापेक्षा मनाला फार लागतं.

भिंतींच्या बाबतीत मी सगळ्यांना एकच विनवणी करते : एक पावसाळा जाऊ द्या. नव्या घराच्या भिंतीत भरपूर पाणी असतं. विटा भिजवलेल्या असतात, गिलाव्याला पाणी मारलेलं असतं, आणि सिमेंटला ते हवंच असतं. ती ओल बाहेर पडायला वेळ लागतो. मुहूर्ताच्या घाईत तिच्यावर पुट्टी आणि रंग चढवला, की ओल बाहेर येताना रंगालाच ढकलत येते. आधी क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड दिसते, मग फुगे येतात, मग पोपडे. भिंत वाळली की नाही हे पाहायला मोठी उपकरणं लागत नाहीत. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. कागदाच्या आतल्या बाजूने दव धरलं असेल किंवा खालची भिंत काळपट दिसत असेल, तर तिला अजून वाळू द्यायचं. तोवर प्रायमर आणि पांढऱ्या रंगाचा एखादा साधा हात पुरतो. वास्तुशांतीची पूजा पांढऱ्या भिंतींतही छान होते.

पांढऱ्या भिंतींचा आणखी एक उपयोग असतो. वर्षभर तिथे राहिलं की घर स्वतः बोलायला लागतं. पश्चिमेच्या खोलीत उन्हाळ्यात चार वाजता किती ऊन येतं, कोणत्या कोपऱ्यात मूल पुस्तक घेऊन बसतं, पाहुणा आला की कोण कुठे टेकतं, पावसाची झड कुठल्या खिडकीतून आत येते, हे कागदावरच्या नकाशात दिसत नाही. ते कळलं की रंग निवडणं सोपं होतं. उन्हाच्या खोलीला थंड, फिका रंग द्यावासा वाटतो. अंधाऱ्या बोळाला हळदीच्या जवळ जाणारा पिवळा चालतो. जिथे झड येते तिथे कापडाच्या पडद्याऐवजी बांबूचं चिक लावावं, हेही तेव्हाच कळतं.

कमी पैशात सर्वांत मोठा फरक पडतो तो दिव्यांनी. बहुतेक नव्या घरांत खोलीच्या भिंतीवर, वर, एकच ट्यूब लागते आणि तीही निळसर पांढऱ्या उजेडाची. एलईडीच्या खोक्यावर उजेडाचा रंग आकड्यात छापलेला असतो. 6500 केल्विन म्हणजे भर दुपारसारखा निळसर, 4000 च्या आसपास स्वच्छ पांढरा, आणि 2700 ते 3000 म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा, ऊबदार. ओट्यावर 4000 चा दिवा हवा, भाजी निवडताना अळी दिसली पाहिजे. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत मात्र 3000 च्या आतला, छताला नाही तर कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. त्या शिक्षकांच्या माळ्यावर आजोबांचा एक प्रभाकर कंदील निघाला. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा तो कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत होता, आणि हे घर तर त्या कारखान्याच्या शेजारगावचं. आजोबांनी तिथेच नोकरी केली होती. आम्ही तो राखेने घासला, काच पुसली, आत छोटा होल्डर बसवून पिवळा दिवा लावला आणि दाराजवळच्या कोनाड्यात टांगला. खर्च आला होल्डरचा, वायरचा आणि दिव्याचा. त्या घरी येणारा प्रत्येक जण आजोबांविषयी विचारतो.

जुनं घर पाडून नवं बांधलं असेल तर मी पहिल्यांदा ढिगाऱ्याजवळ जाते. पाटणकडच्या जुन्या घरांत सागाच्या चौकटी, तुळया, फडताळांची दारं निघतात. बाहेरून ती धुराने काळी, तेलकट, खिळ्यांनी भरलेली असतात आणि सरपण म्हणून बाजूला टाकलेली असतात. आमचे सुतारमामा आधी एकेक खिळा हुडकून उपटतात, कारण एखादा जरी आत राहिला तरी रंध्याचं पातं जातं. मग पहिला हात फिरतो. काळी साल गुंडाळत वर येते, आणि तिच्याखाली मधाच्या रंगाचं लाकूड दिसतं, गडद रेघा ओढलेलं, ताज्या सागाचा तेलकट वास येणारं. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं हे लाकूड आता फिरत नाही, फाटत नाही. असा साग नवा विकत घ्यायला गेलं तर या माणसांना परवडणार नाही. त्याचं बैठकीचं बाक होतं, देवघराची चौकट होते, पुस्तकांच्या फळ्या होतात. वर मेलामाइनचा चकचकीत थर नको. आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपर मारून जवसाचं तेल जिरवलं की पुरे. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनीच पुन्हा एक हात द्यायचा.

हे सगळं सांगताना मला सेवाग्रामची बापू कुटी आठवते. माती, बांबू आणि कौलांची ती कुटी. तिच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी हातानेच मातीच्या उठावात झाडं आणि चरखा काढला आहे. रंग नाही, चौकट नाही, विकत आणलेलं काही नाही. भिंत ज्या मातीची, चित्रही त्याच मातीचं. तिच्यापुढे उभं राहिलं की सजावटीला पैसा किती लागतो हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

दुसरं उदाहरण बाळकृष्ण दोशींचं. पुण्यात 1927 साली, फर्निचरचा व्यवसाय असलेल्या घरात जन्मलेले हे वास्तुविशारद पुढे 2018 चं प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय झाले. इंदूरजवळ अरण्य नावाची कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची वसाहत त्यांनी आखली. पायाचा चौथरा, पाणी, संडास, एखादी खोली एवढंच द्यायचं आणि पुढचं घर त्या कुटुंबाने ऐपतीप्रमाणे, गरजेप्रमाणे वाढवायचं, ही त्यामागची कल्पना. या कामाला 1995 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. त्याच दोशींनी अहमदाबादेतलं स्वतःचं कार्यालय, 'संगाथ', बांधलं तेव्हा त्याच्या कमानदार छतांवर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर दिला. ऊन परत फेकायला टाकाऊ माल कामी आला.

आपल्याकडे गच्चीवरच्या कोब्यावर चायना मोझॅक घालायची पद्धत आहेच. टाइल्सच्या दुकानात फुटलेल्या पेट्या जवळपास फुकट मिळतात. पांढरे तुकडे जास्त घेतले तर खालची खोली उन्हाळ्यात कमी तापते. मी मिस्त्रींना मध्ये चार फूट जागा सोडायला सांगते आणि तिथे घरच्या मुलांना बसवते. मुलं तिथे मासा काढतात, सूर्य काढतात, आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढतात. मिस्त्री फक्त सपाटी पाहतात आणि कडा सारख्या करतात. मोठं होऊन पुण्या-मुंबईला गेलेली पोरं सुट्टीला आली की आधी गच्चीवर जातात, असं त्यांच्या आया मला सांगतात.

कापडाचंही तसंच. दिवाणावर आजीच्या लुगड्यांची गोधडी किंवा सोलापुरी चादर, लोडांना खणाचे अभ्रे. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे अख्खे पडदे करण्यापेक्षा साध्या सुती पडद्याला खालून खणाची पट्टी जोडलेली बरी. कापड कमी लागतं आणि पडद्याला खाली वजन मिळतं. घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो आपण छताजवळ, मान वर करून पाहावे लागतील असे टांगतो. ते खाली, साधारण पाच फुटांवर आणावेत. नातवंडांच्या नजरेला नजर भिडली तर त्यांची नावं आणि गोष्टी घरात टिकतात.

म्हणून खर्चाचा कागद करताना मी हातातल्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवायला लावते. तो वर्षभर मोडायचा नाही. त्या वर्षात एक साधी वही करायची आणि अडलेलं, रुतलेलं, आवडलेलं जे जे असेल ते तिच्यात लिहायचं : इथे दिवा हवा, इथे चपला साठतात, या भिंतीपाशी आई दुपारी आडवी होते. पाऊस संपला, भिंती वाळल्या, की वही उघडायची आणि मग रंगाऱ्याला बोलवायचं. त्या वेळी मला बोलावलं तर मी आनंदाने येते, पण तोवर बहुतेक घरांना माझी फारशी गरज उरलेली नसते. कोणत्या खोलीला काय हवंय, हे घरातला सगळ्यात लहान मुलगाही सांगू शकतो.