थांबत थांबत बर्फाकडे

आमच्या विदर्भातल्या मालेगावात बर्फ दोनच वाटांनी यायचा. एक अकोल्याहून, एसटीच्या टपावरून. दुसरा थेट आभाळातून.

टपावरचा बर्फ लाडाचा. वैशाखात कुणाकडे लग्न निघालं की अकोल्याहून लादी यायची, लाकडाच्या भुशात घोळवलेली आणि गोणपाटात गुंडाळलेली. गाडी स्टँडवर लागेपर्यंत टपावरून पाण्याची धार सुरू झालेली असायची. दोन गडी लादी उतरवायला वर चढत आणि आम्ही पोरं धारेखाली तोंडं धरून उभी राहत असू. त्या पाण्याला भुशाची, धुळीची आणि गोणपाटाची चव होती. घरी लादी मोजून घेणारे काका दरवेळी एकच वाक्य बोलायचे, "अर्धा बरफ त पातूरच्या घाटानंच पिऊन टाकला!"

आभाळातल्या बर्फाचा मात्र कुणी विनोद करत नसे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यावर गारपीट झाली, तेव्हा मी घरीच होतो. आधी पत्र्यावर एक टणका, मग दुसरा, मग आवाजांतली फटच मिटली. पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडलं तर अंगण पांढरंशुभ्र. घडीभर, खोटं कशाला सांगू, मला ते सुंदर दिसलं. मग वडिलांकडे पाहिलं. ते अंगणाकडे नव्हे, वावराच्या दिशेनं पाहत होते. घाट्यांवर आलेला हरभरा आणि ओंबीतला गहू तिथे आडवा झाला होता. संध्याकाळी आईनं खराट्यानं गारा एका कोपऱ्यात लोटल्या. सकाळी त्या जागी नुसती ओल होती.

अशा घरातला पोरगा बर्फावर घसरायला शिकायचं म्हणून काश्मीरला निघाला, तेव्हा आईनं विचारलं ते गैर नव्हतं. "पैसे देऊन घसराले चालला काय रे बाप्पा? पावसाळ्यात आपल्या वावरात ये, फुकटात घसरशीन."

निघालो तेव्हा रथसप्तमी तोंडावर आली होती. डव्ह्याच्या नाथनंगे महाराजांच्या यात्रेची गावात लगबग होती. मालेगाव तालुक्याचं ठिकाण खरं, पण रूळ काही गावातून जात नाहीत. तालुक्याच्या वाट्याला आलेली रेल्वे जऊळक्याला. त्या गावाचं नावच लोक 'जऊळका रेल्वे' असं घेतात. कुणाच्या आडनावासारखी रेल्वे त्याला चिकटली आहे. शहाण्या माणसानं मालेगावहून अकोल्याला एसटीनं जावं. मी हट्टानं जऊळक्याला जाऊन पॅसेंजर धरली.

हट्टाला कारण होतं. २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाला. त्याआधी इथे मीटर गेजची छोटी गाडी धावायची आणि प्रवास म्हणजे काय ते मला तिनं शिकवलं. ती कुठेही थांबायची. स्टेशनात थांबायची, सिग्नलला थांबायची आणि कधी कधी मधल्याच रानात, कारण न सांगता. तेवढ्यात कुणी उतरून बोरं तोडून आणायचा. आजीचं मत असं की, गाडी थांबते तेवढंच गाव आपलं होतं. बाकीचं खिडकीतून उडून जातं. आमच्याच जिल्ह्यातल्या कारंज्यावरून जाणारी 'शकुंतला' तर याही बाबतीत थोरली बहीण. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे ११३ किलोमीटर ती अशा बेतानं कापायची की, माणसानं खाली उतरून शेजारून चालावं आणि दमला की परत चढावं, असं लोक गमतीनं सांगत.

अकोल्याहून भुसावळ. तिथे अपरात्री फलाटावर शाल गुंडाळून झेलम एक्स्प्रेसची वाट पाहिली. पुण्याहून सुटणाऱ्या, मराठी मुलखाला जम्मूशी जोडणाऱ्या या गाडीला काश्मीरच्या नदीचं नाव आहे, याचा विचार मी त्या रात्रीपर्यंत कधी केला नव्हता. डब्यात रजा संपवून परतणारे जवान होते. सीटखाली काळ्या पेट्या आणि पेट्यांवर आयांनी बांधून दिलेले डबे. सकाळी इटारसीच्या पुढे एकानं तिळाचा लाडू हातावर ठेवला आणि विचारलं, "फिरायले चालले का?" बुलडाण्याकडचा होता. त्यानं गुलमर्गच्या लष्करी शाळेत बर्फातलं प्रशिक्षण घेतलं होतं. ती शाळा १९४८ पासूनची, डोंगरातल्या लढाईसाठी सैनिकांना स्कीवर उभं करणारी. मी उत्साहानं विचारलं, "वेग किती येतो?" तो हसला. म्हणाला, "वेगाचं सोडा. तो बर्फच देते. थांबाचं कसं, ते शिका पयले."

जम्मूपासून बनिहालपर्यंत मी रस्त्यानंच गेलो. सुमोत दहा माणसं, बाजूला दरी आणि पुढे ट्रकांची रांग. बनिहालला उतरलो तेव्हा पाय लाकडाचे झाले होते. पण स्टेशनात उभी असलेली गाडी पाहिली आणि ओळख पटली. नाव डेमू, रंग वेगळा, डब्यात ऊब, काचा मोठ्या. पण जात तीच, पॅसेंजर. चढणाऱ्यांच्या हातात भाजीची गाठोडी, कडेवर पोरं, कुणाच्या डोक्यावर बाजारातली नवी बादली. याच गर्दीत एक गोरा तरुण स्कीच्या लांब पिशव्या सांभाळत उभा होता. आपल्याकडे कुणी ऊस घेऊन डब्यात शिरला की लोक डोकी वाकवतात, तशीच त्याच्यासाठी लोकांनी सवयीनं डोकी वाकवली.

गाडी हलली आणि लगेच अंधारात शिरली. पीर पंजालचा हा बोगदा ११ किलोमीटरहून अधिक लांब, जून २०१३ मध्ये सुरू झालेला. जुना जवाहर बोगदा डोंगरात याच्याहून ४०० मीटरांहून अधिक उंचावर आहे. म्हणजे पूर्वी माणसं डोंगर चढून भोकातून जात, आता पायथ्याशीच आरपार. काचेत आपलाच चेहरा पाहत दहाएक मिनिटं गेली. मग उजेड आला, तो वरून नाही, खालून. जमीनच उजळली होती.

काझीगुंडपासून स्टेशनं सुरू झाली. सदुरा, अनंतनाग, बिजबेहारा, पंझगाम, अवंतीपुरा, काकापोरा, पांपोर. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबे, दार उघडे आणि थंडीचा एक तुकडा आत येऊन बसे. फलाटावर कुणी बर्फ फावड्यानं लोटत होतं, आमच्या अंगणात आई गारा लोटायची तसं. बिजबेहाऱ्याच्या आसपास बॅटींसाठी कापलेल्या विलोच्या फळ्यांच्या चळती. पांपोरला केशराची शेतं, पण ती ऐकूनच ओळखायची, कारण सगळ्यांवर पांढरी चादर होती. खाली कंद निजलेले, फुलं थेट ऑक्टोबरात.

शेजारी एक म्हातारबा बसले होते. फिरनच्या सैल झग्याआत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, त्यामुळे पोट मोठं दिसत होतं आणि बोलताना मधूनच निखाऱ्याचा वास येत होता. हिंदीत बोलणं झालं. कुठले, म्हणाले. महाराष्ट्र म्हटल्यावर, "मुंबई?" नाही, विदर्भ. तिथे शीन पडतं का? शीन म्हणजे हिम. मी सांगितलं, आमच्याकडे एकच शब्द, बर्फ. आणि आभाळातून पडतात त्या गारा. गारा कशा पडल्या, हरभऱ्याचं काय झालं, तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. सफरचंदावर पडतात त्याही गाराच, म्हणाले. मग कांगडी सरकवून त्यांनी मला काश्मीरचा हिवाळा समजावला. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा. थोरली थंडी, धाकटी थंडी आणि थंडीचं पोर. "चालीस दिवसांत पडतं ते शीन घरचं माणूस," ते म्हणाले. "ते राहतं. त्याच्यावर आमचे झरे, भात, बागा. नंतर पडतं तो पाहुणा. चहा घेतला, निघाला."

श्रीनगर गेलं, बडगाम गेलं, मझामा आलं. गुलमर्गला जाणाऱ्यानं इथे उतरून मागाम, टंगमर्ग असं वर चढायचं. गोरा तरुण उतरला, मीही उतरलो. मागे वळून पाहिलं तर म्हातारबा काचेआडून हात हलवत होते. गाडी बारामुल्लाकडे निघाली, पुढच्या स्टेशनावर थांबण्यासाठी.

जगात बर्फाच्या गावी आगगाडीनं जायचे नाना प्रकार आहेत. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला मोटार जातच नाही. १८९३ पासूनची दातेरी रुळांची गाडी हाच रस्ता. जपानात गाला युझावाला शिंकानसेनमधून उतरलं की स्टेशनच्याच इमारतीत स्की भाड्यानं मिळतात. अमेरिकेत डेन्व्हरहून विंटर पार्कला १९४० पासून स्कीची गाडी जायची. मध्ये ती बंद पडली आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या गाड्या बर्फावर खेळायला जाणाऱ्यांचा विचार करून चालतात. बनिहालची पॅसेंजर तसा विचार करत नाही. ती अनंतनागच्या बाजारकऱ्यांची, श्रीनगरला कॉलेजात जाणाऱ्या पोरींची, दवाखान्यात निघालेल्या बायांची गाडी. तिनं मला नुसतं मधल्या बाकावर सरकून जागा दिली. त्यामुळे गुलमर्गला पोचेपर्यंत बर्फ हा मला देखावा राहिला नव्हता. कुणाच्या तरी घरचा माणूस झाला होता.

टंगमर्गपासून चाकांना साखळ्या बांधलेली गाडी १३ किलोमीटर वर गेली. गुलमर्ग साडेसव्वीसशे मीटरवर. जुनं नाव गौरीमर्ग. हे ऐकल्यावर आमच्याकडच्या महालक्ष्म्या आठवल्या आणि उगाच माहेरी आल्यासारखं वाटलं. इंग्रजांनी १९२७ मध्ये इथे स्की क्लब काढला. आता अफरवटच्या शिखराजवळपर्यंत दोन टप्प्यांची गोंडोला जाते. मला तिकडे जायचं नव्हतं. नवशिक्यांसाठी खालचं पठार असतं, उन्हाळ्यात तिथेच गोल्फ खेळतात.

पायाला त्या लांब पट्ट्या अडकवल्या आणि पाय आपले राहिले नाहीत. शिकवणारा तिथलाच तरुण, फिरन कमरेत खोचलेला. तो म्हणाला, आधी पडा. पडलो. उठा. उठता येईना. मग त्यानं पहिला धडा दिला, तो थांबायचा. टाचा बाहेर, अंगठे आत, दोन्ही पट्ट्यांची टोकं एकमेकांकडे, पायांचा इंग्रजी व्ही. आतल्या कडा बर्फात रुतल्या की घसरण मंदावते आणि थांबते. इंग्रजीत या पवित्र्याला स्नो-प्लाऊ म्हणतात, म्हणजे बर्फाचा नांगर. मला हसू फुटलं. पिढ्यान्‌पिढ्या वखर-डवरे धरणाऱ्या घरातला मी, इतक्या लांब येऊन अखेर नांगरच धरला होता, तोही पायांनी.

दोन दिवस मी फक्त थांबायला शिकलो. तिसऱ्या दिवशी पन्नास पावलांचा उतार न पडता उतरलो आणि मला पाहिजे तिथे उभा राहिलो. तेव्हा समोर अफरवट उन्हात होता आणि पहिल्यांदा मला तो बर्फ काय करतो आहे ते दिसलं. तो थांबला होता. हे सगळं पाणी आहे आणि ते डोंगरावर थांबून राहिलं आहे. वसंतात ते जरा जरा करून सुटेल, ओढ्यानाल्यांतून झेलमला मिळेल.

आमचा जिल्हा पाणलोटाच्या कण्यावर आहे. एका अंगाला पडलेला पाऊस काटेपूर्णेतून तापीच्या खोऱ्यात जातो, दुसऱ्या अंगाचा अडाण-पैनगंगेतून गोदावरीत. दोन्हीकडे देऊन आम्ही मार्चपासून टँकरची वाट पाहतो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे वाक्य शाळेच्या भिंतीवर वाचत मोठा झालो, पण अडवलेलं पाणी एवढं मोठं, एवढं उंच आणि इतकं शांत असू शकतं, हे गुलमर्गात कळलं. आम्हाला डोंगर नाही, थंडी नाही. आमचं शीन बांधालाच करावं लागतं.

जून २०२५ मध्ये एक मौज झाली. ५ तारखेला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि मालेगाव तालुक्यातून जाणारा तो रस्ता मुंबईच्या वेशीजवळपर्यंत अखंड झाला. दुसऱ्याच दिवशी, ६ तारखेला, चिनाबवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून कटरा-श्रीनगर वंदे भारत धावू लागली. दोन दिवसांत माझी दोन्ही गावं जवळ आली. वाईट कोण म्हणेल? दवाखान्यात निघालेल्या माणसाला प्रत्येक मिनिट हवं असतं. मी फक्त मनात मझामाच्या फलाटाची चौकशी करून घेतली.

त्या वर्षी जुलैत पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा वडिलांबरोबर वावरात होतो. खालच्या बांधाला फट पडली होती आणि पाणी मातीसकट निघालं होतं. फावडं घेऊन धावलो. काळ्या मातीनं दुसऱ्याच पावलाला पाय काढून घेतले. मी घसरत निघालो, आणि विचार करायच्या आत टाचा बाहेर गेल्या, अंगठे आत वळले. बांधाच्या वीतभर अलीकडे उभा राहिलो. चिखल गुडघ्यापर्यंत, पण उभा.

धुऱ्यावर छत्री धरून उभ्या आईनं सगळं पाहिलं होतं. ती वडिलांना म्हणाली, "पैसे वाया नाई गेले बावा पोराचे." मग मला, "थांबला ना आता? मंग माती टाक. पानी थांबत नाई."