नाव जसेच्या तसे

कागदावर लिहिणाऱ्याला चिन्हांचे भय नसते. पत्रात घाईने ‘आणि’ऐवजी & काढले किंवा आनंदाच्या भरात उद्गारचिन्ह दिले, तरी वाचणारा अडखळत नाही. मजकूर कोणता आणि खूण कोणती, हे तो संदर्भावरून ओळखतो. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांत मात्र हा समजूतदारपणा गृहीत धरता येत नाही. तेथे काही चिन्हे स्वतःच आज्ञा असतात.

आमचे कुटुंब इंदूर, बडोदे आणि हैदराबाद येथे विखुरलेले आहे. तिन्ही घरांतील जुनी छायाचित्रे व पत्रे संगणकावर एकत्र आणावयाचे ठरले, तेव्हा ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे फायलींना नावे दिली: ‘मोठी काकू & मंडळी’, ‘वाहवा!’, ‘५०% फाटलेले पत्र’. अशा शेकडो फायली एकेक करून हलविण्यापेक्षा विंडोजची बॅच फाईल लिहिणे सोयीचे. बॅच फाईल म्हणजे क्रमाने पाळावयाच्या आज्ञांची यादी. काळ्या खिडकीतील आज्ञावाचक ती वरून खाली वाचतो आणि वाचता वाचता अमलात आणतो. हे काम मी अंगावर घेतले.

या वाचकाची रीत एकदा कळली, की त्याच्या हट्टांचाही उलगडा होतो. & दिसले, की त्याच्या लेखी आज्ञा तेथे संपली आणि पुढे दुसरी सुरू झाली. म्हणजे काकू एका आज्ञेत आणि मंडळी दुसऱ्या! उपाय सोपा आहे. संपूर्ण नाव दुहेरी अवतरणात ठेवावे, अथवा & च्या आधी ^ ही खूण लावावी. ^ लावले, की पुढचे चिन्ह आज्ञा न राहता केवळ अक्षर होते.

टक्क्याचे चिन्ह याहून चिवट. दोन % चिन्हांमधील शब्द तो एखाद्या साठवलेल्या मूल्याचे नाव समजतो. तसे मूल्य नसेल, तर तो शब्दच नाहीसा होतो. अवतरणाचे कुंपण येथे उपयोगी पडत नाही, कारण % चा विचार तो अवतरणांकडे पाहण्यापूर्वीच करतो. म्हणून बॅच फायलीत एक % हवे असल्यास दोन लिहावी लागतात.

उद्गारचिन्हाची गोष्ट आणखी निराळी. एरवी ते निरुपद्रवी असते. परंतु मूल्ये ऐन वेळी उलगडण्याची विलंबित सोय चालू केली, की तेच आज्ञेचे चिन्ह बनते. मग ‘वाहवा!’ मधील उद्गार गळून पडतो, आणि ‘वाहवा’ नावाची फाईल सापडत नाही अशी तक्रार येते. ती सोय बंद असताना नाव साठवून घ्यावे आणि मग ती चालू करून वापरावे, म्हणजे उद्गार शाबूत राहतो.

हे सारे चिन्हांचे झाले. खरा प्रश्न उभा राहिला तो आपल्या अक्षरांचा. फायली हलविण्यापूर्वी सर्व नावांची यादी करून घेतली, तर तीत देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा! ती काळी खिडकी आमच्या संगणकावर ४३७ क्रमांकाची वर्णसारणी वापरीत होती. ही सारणी १९८१ सालच्या आयबीएमच्या अमेरिकी संगणकापासून चालत आलेली. तीत २५६ घरे, आणि त्यांत देवनागरीला एकही नाही. ज्या अक्षराला घर नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह.

येथवरही एक वेळ चालले असते. पण या वाचकाच्या भाषेत ? म्हणजे ‘कोणतेही एक अक्षर’. ‘आजी’ या नावात संगणकाच्या हिशेबाने तीन वर्ण आहेत: आ, ज आणि दीर्घ वेलांटी. यादीत त्याची तीन प्रश्नचिन्हे झाली. आता त्या यादीवरून ‘आजी’ची एखादी जादा प्रत पुसावयाची आज्ञा दिली, तर त्याच जातीच्या फायलींतील तीन वा त्याहून कमी वर्णांचे प्रत्येक नाव तीत सापडणार. आजीबरोबर ताई जाईल, आईही जाईल. तेही न विचारता, आणि कचरापेटीत न ठेवता. नाव पुसले गेले तर उणीव निदान दिसते. परंतु नावाचा अर्थ ‘कोणीही’ असा झाला, तर काय गमावले हेही कळत नाही.

नातलगांपैकी काहींनी सुचविले, की सर्व नावे रोमन लिपीत, चिन्हांवाचून लिहावीत, कटकट मिटेल. मला ते पटले नाही. रोमन लिपीत ‘माळी’ आणि ‘माली’ एकच होतात. इकडे हिंदी कागदपत्रांत ‘काळे’ यांचे ‘काले’ झालेले आपण पाहतोच, आणि पुढची पिढी तेच आडनाव खरे मानू लागते. यंत्राच्या सोयीसाठी ळ आपल्याच हाताने का सोडावा?

शिवाय उपाय अवघड नव्हता. आज्ञांच्या आरंभी वर्णसारणी बदलून ६५००१ केली, म्हणजेच यूटीएफ-८, आणि बॅच फाईलही त्याच पद्धतीने साठविली. या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. जागा थोडी अधिक, पण प्रत्येकाला स्वतःचे घर. काळ्या खिडकीत अक्षरांऐवजी चौकोन दिसले तरी घाबरावयाचे कारण नाही. तो अक्षरवळणाचा दोष. यादीत नाव बिनचूक उतरते.

आपल्या घरांतही कोणी जुने कागद संगणकावर चढवीत असतील, तर त्यांनी एवढे करावे. आधी यादी काढावी, ती डोळ्यांखालून घालावी, आणि तीत एक जरी प्रश्नचिन्ह दिसले तरी पुसण्याची आज्ञा देऊ नये. बदलावयाची असते ती वाचकाची सारणी. काकूंचे नाव नव्हे.